इलमाटातली खोली

"आजी, जरा दोरीच्या अलीकडं या. आत जायची परवानगी नाही."

धम्मप्रिया हे बोलली तेव्हा तिनं आईच्या तोंडाकडं पाहिलं नाही. हातातली छोटी काठी वर करून ती बाकीच्या लोकांना म्हणाली, "चला, आपण डायनिंग हॉलकडे जाऊ."

मीनाबाई मागं सरली. पोटच्या पोरीनं चारचौघांत आजी म्हटलं, आणि ते इतक्या सराईतपणे म्हटलं की क्षणभर तिला स्वतःलाच वाटलं, आपण खरंच कुणीतरी परकी म्हातारी आहोत, तिकीट काढून आलेली.

तिकीट तर तिनं काढलंच होतं. सकाळी घरातून निघतानाच धम्मानं सांगितलं होतं, "यायचं तर ये. पण मला हाक मारू नकोस. आज अमेय सर ग्रुपबरोबर फिरणार आहेत. घरची माणसं येऊन बोलत बसलेली त्यांना चालत नाहीत." मीनाबाईला ते फारसं लागलं नव्हतं. नोकरी म्हटल्यावर असं असायचंच. ती आली होती पोरीचं बोलणं ऐकायला. कुंभारीतल्या शेजारणी सांगायच्या, तुमची पोर काय बोलती, पुण्याची माणसं तोंड उघडं टाकून ऐकत बसतात. एकदा तरी ऐकावं म्हणून, पुन्हा कधी इलमाटात पाय ठेवणार नाही ही शपथ मोडून, ती विड्यांचं सूप बाजूला सारून, ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसून सिटीबसनं आली होती.

फाटकावरच्या पाटीवर 'विल्मॉट टाउन' असं लिहिलेलं होतं. सोलापुरात त्याला कुणी तसं म्हणत नसे. विल्मॉट साहेबानं मिल काढली, मिलच्या कडेनं साहेब लोकांचे बंगले, क्लब, चर्च, दवाखाना बांधला, आणि गावानं त्या सगळ्याला एकच नाव दिलं, इलमाट. स्वातंत्र्यानंतर साहेब मिल विकून गेला. नव्या मालकानं बंगल्यांतल्या एकेका खोलीत एकेक कामगाराचं बिऱ्हाड बसवलं आणि भाडं पगारातून कापायला सुरुवात केली. मीनाबाई लग्न होऊन आली ती आत्ता उभी होती त्याच बंगल्यात. नवरा नागनाथ बॉयलरवर, ती स्वतः पुढं वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायला. दोन पोरं इथंच झाली, थोरला प्रदीप आणि बऱ्याच वर्षांनी धम्मप्रिया.

आता बंगले पांढरेशुभ्र दिसत होते. खिडक्यांना हिरव्या झडपा, रस्त्याला जुन्या तऱ्हेचे दिवे, फिरायला घोडागाडी. एका टेबलावर साहेबी टोप्या मांडल्या होत्या, त्या घालून लोक फोटो काढत होते. फाटकावर लाल पट्टा आणि फेटा बांधलेला एक माणूस येणाऱ्याला वाकून सलाम करत होता. मीनाबाई पुढं झाली तसा तो वाकता वाकता थांबला. तो हारून होता, शेजारच्या खोलीतल्या अल्लाउद्दीन आणि साबेराचा मुलगा. "काकू, तुमी?" एवढंच तो हळू म्हणाला आणि मागून दुसरी माणसं आली म्हणून पुन्हा वाकला.

धम्मा बोलत खरंच छान होती. आवाज स्वच्छ, कुठं अडखळणं नाही. छातीवरच्या बिल्ल्यावर 'प्रिया' लिहिलेलं होतं. निम्मं नाव कुठं गेलं, हे मीनाबाईच्या मनात आलं, पण पोरीच्या बोलण्याच्या नादात तिनं ते सोडून दिलं. साहेबानं मडमेसाठी विलायतेहून पियानो आणला आणि स्टेशनवरून बैलगाडीतून इथवर कसा आणला, ते ऐकून सगळे हसले. नाताळला साहेब कामगारांच्या पोरांना मिठाई वाटायचा. मडमेला गुलाबांचा नाद होता.

मीनाबाईची सासू रंभाबाई ह्याच मडमेच्या घरचे कमोड साफ करायची. तिनं मागच्या दारानं यायचं, मागच्या दारानं जायचं, आणि वाटेत मडम दिसली तर भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं. म्हातारी हे सांगताना कधी रडली नाही. चुलीपुढं बसून, भाकरीचा तुकडा मोडत, दुसऱ्याच कुणाची गोष्ट सांगावी तसं सांगायची. आणि सांगून झालं की हॉलभर नजर फिरवायची. कारण ती चूल मांडलेली होती साहेबाच्या जेवणघरात. खोल्या वाटताना नागनाथाच्या बापाला मागच्या नोकरांच्या खोल्यांतलीच एक देणार होते. युनियननं भांडण काढलं, आठवडाभर मिल बंद पाडली, तेव्हा कुठं जेवणघर मिळालं. ज्या खोलीच्या उंबऱ्याला सासूला हात लावता येत नव्हता, त्या खोलीत तिची सून बाळंत झाली.

लोक जेवणघराच्या दारात जमले. मीनाबाईनं आत पाहिलं आणि तिला आधी काही ओळखूच येईना. तिनं दर दिवाळीला दिलेला निळा रंग खरवडून भिंती फिकट पिवळ्या केल्या होत्या. मधोमध लांबलचक टेबल, त्यावर काचेची भांडी, काटे, चमचे. टेबलाभोवती लाल दोरी. मग तिची नजर समोरच्या भिंतीवर गेली आणि खोली जागेवर आली. भिंतीत शेकोटीचा कोनाडा होता. सोलापूरच्या उन्हात शेकोटी कुणाला पाहिजे, पण साहेबानं गावची आठवण म्हणून बांधली होती, वर धुराड्यासकट. त्याच कोनाड्यात मीनाबाईची चूल होती. धूर आपोआप वर जायचा. साबेरा म्हणायची, "मीना, तेरा नसीब अच्छा है. साहेब तेरे वास्ते चिमणी बांद के गया." पाऊस लागला की साबेरा आपलं पीठ घेऊन ह्याच चुलीवर रोट्या भाजायला यायची.

कोनाड्यात आता पितळेची जाळी होती आणि तिच्यात लाल दिवा लावून खोटे निखारे केले होते.

"नाताळच्या संध्याकाळी साहेब आणि त्यांचं कुटुंब इथे बसायचं," धम्मप्रिया सांगत होती. "त्या काळातला हा सोलापुरातला सगळ्यात सुंदर डायनिंग हॉल मानला जायचा."

"आणि साहेब गेल्यावर?"

लोकांनी मागं वळून पाहिलं. आपण बोललो हे मीनाबाईलाही जरा उशिरानंच कळलं.

धम्मप्रियाचा आवाज पहिल्यांदा अडकला. ग्रुपच्या कडेला अमेय सर उभे होते, तिशी-पस्तिशीचे, पांढऱ्या शर्टातले, पुण्याचे. ते हसून म्हणाले, "चांगला प्रश्न आहे. प्रिया, सांग की."

"साहेब गेल्यानंतर," धम्मप्रिया म्हणाली, आणि मग सगळं एका दमात म्हणून मोकळी झाली, "बरीच वर्षं हे बंगले ओस पडून होते. पुढे त्यात काही लोकांनी अतिक्रमण केलं. त्यामुळे वास्तूचं खूप नुकसान झालं. आपल्या संस्थेनं ते हटवून तिला मूळ रूप दिलं."

मिल बंद पडल्यावरचा, मे महिन्यातला तो दिवस मीनाबाईपुढं उभा राहिला. इमारत धोकादायक आहे, कधीही डोक्यावर पडेल, असं सांगून त्यांना भर दुपारी बाहेर काढलं होतं. चुलीवर तवा होता. कुणी एका माणसानं बादलीभर पाणी पेटत्या लाकडांवर ओतलं आणि खोलीभर राख उडाली. तेव्हा धम्मा शाळेत जायला लागली होती. आईचा पदर धरून, खोकत, ती सगळं बघत होती. ती धोकादायक इमारत ही अशी उभी होती. तेच छत, त्याच तुळया. पडली नाही. पडला तो नागनाथ. कुंभारीच्या घरकुलात गेल्यावर तो दाराकडं तोंड करून बसून राहायचा. बाहेर कधी गेला नाही. दोन पावसाळे काढले आणि गेला.

तिनं दोरी उचलली आणि खाली वाकून आत गेली. टेबलाला वळसा घालून कोनाड्याजवळ आली आणि भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसली, मांडी घालून, जशी रोज बसायची तशी.

"अतिक्रमण न्हाय," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "आमी भाडं भरत हुतो. पगारातनं कापून घेत हुते. ही माजी खोली हाय."

कुणीतरी मोबाईल वर केला. अमेय सरांनी हात करून हारूनला बोलावलं.

हारून आला. फेटा, लाल पट्टा, छातीवर पितळी बिल्ला. तो टेबलाच्या कडेला उभा राहिला. पुढं येईना.

"हारून," मीनाबाई म्हणाली, "तुजी आई कुटं ऱ्हायाची सांग ह्यास्नी. त्या दाराच्या पल्याड का न्हाय? सांग की."

हारूननं अमेय सरांकडं पाहिलं, मग जमिनीकडं. "काकू," तो म्हणाला, "उठा. मी चा पाजतो तुमाला भाईर. माजी दोन लेकरं हायेत, काकू."

अमेय सर म्हणाले, "हारून, बाईंना जरा धरून उठव."

हारूनचा हात पुढं आला आणि मध्येच थांबला. लहानपणी ताप आला की हाच पोरगा तिच्या मांडीवर झोपायचा. त्यानं आपल्याला धरून उठवावं, हे तिनं सोसलं असतं, पण त्याला जन्मभर झोप लागली नसती. मीनाबाई भिंतीला हात लावून आपली आपण उठली. दोरीखालून बाहेर आली. धम्मप्रिया दाराच्या चौकटीशी उभी होती, काठी दोन्ही हातांत घट्ट धरून. मीनाबाई तिच्याशेजारून गेली.

संध्याकाळी धम्मप्रिया घरी आली ती चप्पल काढायच्या आधीच बोलायला लागली.

"काय मिळवलंस तू?"

मीनाबाई विड्या वळत होती. तिनं पान दुमडलं, दोरा गुंडाळला, विडी सुपात टाकली. "तू सांग. तू काय मिळविलंस? आईला अतिक्रमण म्हनून."

"मी म्हटलं नाही. ते मला पाठ करायला दिलंय. मी लिहिलं का ते?"

"तोंड तर तुजं हुतं."

"व्हय, माझंच होतं." धम्मप्रियाच्या तोंडात शिकलेली भाषा आणि घरची भाषा एकमेकींत मिसळायला लागल्या. "रोज म्हणते मी ते. दिवसातून चार-पाच वेळा. तुला वाटतं मला काय आठवत नाही? ती राख माझ्या नाकातोंडात गेलती. त्या दारात उभं राहिलं की अजून खोकला येतो मला. तरी म्हणते. बी.ए. होऊन किती दिवस घरात बसले होते, सांग की. दादा पुण्यात कंपनीत राबतोय, त्याचं त्याला पुरत नाही. तुझी बोटं बघ. मी पण पानं कातरत बसायचं होतं का?"

"पानं कातरली असतीस तर लाज वाटली नसती."

"तुला वाटली नसती. मला वाटली असती."

मीनाबाईचा हात थांबला. तिला पोरीच्या कानाखाली द्यावीशी वाटली आणि त्याच वेळी तिला जवळ ओढावंसंही वाटलं. दोन्हींतलं काहीच तिनं केलं नाही. "नाव बी निम्मं टाकलंस," ती म्हणाली.

"सर म्हणाले, लोकांना लांब नाव लक्षात राहत नाही."

"त्यास्नी समदं नाव कळलं तर त्येंच्या लक्षात लई ऱ्हाईल, म्हनून टाकलंय." मीनाबाईनं सूप बाजूला केलं आणि उठून भाकरीला बसली. त्या दिवशी दोघी जेवल्या, पण पाठमोऱ्या.

पुढचे काही दिवस घरात कामापुरतं बोलणं होतं. मग एका संध्याकाळी धम्मप्रिया आली आणि दारातच बसली.

"आई, आज मी ते वाक्य बोलले नाही."

मीनाबाईनं मान वर केली.

"सगळे कोनाड्याकडं बघत होते. मला म्हणायचं होतं ओस पडले होते, अतिक्रमण झालं. तोंडातून निघालं, साहेब गेल्यावर ह्या खोलीत माझी आई राहायची. त्या कोनाड्यात तिची चूल होती. माझा जन्म इथलाच. माझ्या आजीला ह्या खोलीत पाय टाकायची बंदी होती, मडम दिसली तर तिनं भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं." ती थांबली. "मग मी रडले जरा."

"आन मग? काडून टाकलं?"

"नाही," धम्मप्रिया म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते सुख नव्हतं. "लोकांनी टाळ्या वाजवल्या, आई. एका बाईनं मला जवळ घेऊन फोटो काढला."

दुसऱ्याच दिवशी अमेय सर स्वतः कुंभारीत आले. गल्लीच्या तोंडाशी गाडी लावून, घर विचारत विचारत. मीनाबाईनं सतरंजी अंथरली, पाणी दिलं. आला तो पाहुणा. ते पाणी प्यायले, त्या दिवसाबद्दल त्यांनी माफी मागितली, अगदी मनापासून मागितली. मग पुढं सरकून बसले.

"मावशी, तुमची गोष्ट लोकांना फार भिडली. आम्हाला हे माहीतच नव्हतं. आता आम्ही टूरमध्ये ते घेणार आहोत. मिल कामगारांचं जीवन. त्या कोनाड्यात पुन्हा चूल मांडू. तुम्ही यायचं, नऊवारी नेसून, चुलीपुढं बसायचं. भाकरी थापायच्या. लोक बघतील, तुमच्याशी बोलतील, फोटो काढतील. प्रियाला पण वरची जागा देऊ. सासूबाईंचं ते, भिंतीकडं तोंड करून उभं राहायचं, तेही कुणीतरी करून दाखवलं तर फार परिणाम होईल."

धम्मप्रिया आतल्या दारात उभी होती. ती आईकडं बघत होती, आणि मीनाबाईला कळलं की पोर 'हो' म्हण असंही बघत नाहीये आणि 'नको' म्हण असंही नाही. ती फक्त बघत होती, आता काय होतंय ते.

"साहेब," मीनाबाई म्हणाली, "तवा आमी तितं ऱ्हात न्हवतो म्हनून सांगत हुता. आता ऱ्हाऊन दावा म्हनताय."

"तसं नाही, मावशी."

"तसंच हाय. त्या खोलीत मी जगले. तितं जगून दावायला मी यायची न्हाय. माजी सासू भिंतीकडं तोंड करून हुबी ऱ्हायली ती पोटासाटी. तिची नक्कल बगायला तुमी तिकीट लावनार?"

"मग आम्हाला दुसरं कुणीतरी बघावं लागेल," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात धमकी नव्हती. खरोखर अडचण होती, कामाची असते तशी.

"बगा," मीनाबाई म्हणाली, आणि त्यांचं रिकामं फुलपात्र उचलून आत गेली.

त्यांनी बघितलं. महिन्याभरात कोनाड्यातली जाळी गेली, नवी कोरी चूल आली, शेणानं सारवलेली. एक नऊवारीतली बाई आली. ती मोहोळकडची होती, बिचारी पोटासाठीच आलेली. दिवसभर चुलीपुढं बसून तीच ती भाकरी थापायची. भाजायची नाही, कारण धूर झाला असता. हे सगळं हारूननं एका रविवारी येऊन सांगितलं. धम्मप्रियानं सांगितलं नव्हतं. ती आता लोकांना जेवणघराच्या दारापर्यंत आणायची आणि बाहेर व्हरांड्यात थांबायची.

"काकू, अजून एक हाय," हारून म्हणाला. "वर पाटी लावलीया. मीनाबाईची चूल म्हनून."

मीनाबाईनं त्याला चहा दिला. तो गेल्यावर तिनं ठेवणीतलं पांढरं लुगडं बाहेर काढून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्याच ग्रुपमध्ये ती होती, तिकीट काढून. फाटकावर हारून तिला पाहून वाकला नाही, सरळ उभा राहिला. पियानो, गुलाब, मिठाई, सगळं तिनं पुन्हा ऐकलं. धम्मप्रिया तिला आजी म्हणाली नाही. जेवणघराशी आल्यावर मीनाबाई दोरी उचलून आत गेली.

मोहोळची बाई घाबरून उठली. "बस गं बाई," मीनाबाई म्हणाली, "तुजं काय न्हाय."

पाटी कोनाड्याच्या वर खिळ्याला टांगलेली होती, लाकडाची, पांढऱ्या अक्षरांची. मीनाबाईनं हात वर केला. बोटं पोहोचली नाहीत. टाचा उंचावून पाहिलं, तरी नाहीत. मग फरशीवर लाकूड घासल्याचा आवाज आला. धम्मप्रिया व्हरांड्यातलं पहारेकऱ्याचं स्टूल ओढत आत आली होती. तिनं ते कोनाड्यासमोर ठेवलं, दोन्ही हातांनी धरलं, आणि म्हणाली, "चढ, आई. मी धरते."

मीनाबाई चढली. पाटी खिळ्यातून सोडवली, खाली उतरली. ती काखेत मारून आल्या वाटेनं चालत निघाली. व्हरांड्यात, बागेत, फाटकात, कुणीतरी मागून हाका मारत होतं, पण कुणी आडवं आलं नाही.

कुंभारीच्या बसमध्ये तिला खिडकीजवळ जागा मिळाली. पाटी मांडीवर मावेना म्हणून तिनं ती उभी धरली. कंडक्टर तिकीट फाडत आला आणि अक्षरं वाचून म्हणाला, "खानावळ काढताय का काय, मावशी?"

"न्हाय," मीनाबाई म्हणाली. "नाव हाय माजं. घरला न्हेते."